तपकिरी, मुंग्यांसह

अधीक्षकांच्या गाडीला ओरखडा पडला तो इमारतीच्या फाटकाने, आणि तोही फाटक रुंद करून घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी. फाटक अरुंद होतं तेव्हा माणूस जपून गाडी घालायचा. रुंद झाल्यावर अधीक्षक जरा ऐटीत वळले, आणि नव्या खांबातून बोटभर बाहेर राहिलेल्या खिळ्याने डाव्या बाजूच्या पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत एक सरळ, पांढरी, चार फुटी रेघ ओढली. सेक्रेटरींचं म्हणणं पडलं की खिळा जागच्या जागीच होता, गाडी हलली.

अधीक्षक म्हणजे पाणीपुरवठा कार्यालयातले अधीक्षक. इमारतीत त्यांना सगळे याच नावाने ओळखत, कारण दुधवाल्याच्या चिठ्ठीवरसुद्धा ते सहीखाली हुद्दा लिहीत. गाडी करड्या रंगाची होती. करडा रंग त्यांनी चौदा वर्षांपूर्वी फार विचार करून निवडला होता, कारण त्यावर धूळ दिसत नाही आणि कुणाचं लक्षही जात नाही. सभ्य माणसाची गाडी सभ्य माणसासारखीच असावी, रस्त्यातून गेली तरी कुणाला कळू नये, असं त्यांचं मत होतं.

ओरखड्याची बातमी पसरताच पहिल्या मजल्यावरचे सल्लागार खाली आले. हे गृहस्थ आयुष्यभर कुठल्या कंपनीत नेमकं काय करत होते ते कुणालाच माहीत नव्हतं, पण निवृत्त झाल्यापासून सल्ला देत होते, आणि तो न मागता देत होते. त्यांनी दात घासायची पेस्ट चोळायला सांगितली. पेस्टने ओरखडा उजळला. मग मेणबत्ती सांगितली. मेणाने त्यावर धूळ बसून तो काळा झाला. मग राखाडी नेलपॉलिश सांगितलं. अधीक्षकांच्या बायकोकडे राखाडी नव्हतं, गुलाबी होतं, आणि वाळल्यावर गुलाबीचं राखाडी होतं असं सल्लागारांनी छातीठोकपणे सांगितलं. होत नाही. तीन दिवसांनी गाडी अशी दिसायला लागली की जणू तिच्यावर कुणीतरी शस्त्रक्रिया अर्ध्यात सोडून पळालंय. गॅरेजमधला रंगारी म्हणाला, आता अख्खी बाजू खरवडून फवारावी लागेल, गाडी आठ दिवस सोडा. सरकारी माणूस आठ दिवस गाडीशिवाय राहू शकतो, पण शेजाऱ्यांच्या प्रश्नांशिवाय नाही. म्हणून अधीक्षकांनी ते लांबणीवर टाकलं.

अशा वेळी रविवारी ताई आल्या.

ताई म्हणजे अधीक्षकांच्या बायकोची थोरली बहीण. वय अठ्ठावन्न, चष्मा दोन, एक डोळ्यावर आणि एक केसांत. एकोणतीस वर्षं त्या शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढत होत्या. बेडकाची पचनसंस्था, हृदयाचे चार कप्पे, फुलाचा उभा छेद, पाण्याचा पंप आणि त्याचे भाग. घरात कुणी विचारलं तर अधीक्षक सांगत, "मेव्हणी चित्रं वगैरे काढते," आणि त्यातल्या 'वगैरे'वर जोर देत. त्यांना वाईट म्हणायचं नसे. पण ज्या कामाला हजेरीपट नाही, ते काम कसं असतं याची त्यांना कल्पनाच करता येत नसे.

ताईंनी ओरखडा पाहिला. डोळ्यावरचा चष्मा केसांत आणि केसांतला डोळ्यावर घेऊन पुन्हा पाहिला. मग म्हणाल्या की हा झाकायचा कशाला. याच्या टोकाला एक मुंगी काढते, लोक मुंगी बघतील, रेघ बघणार नाहीत. अधीक्षकांनी विचार केला, एक मुंगी म्हणजे तांदळाएवढी गोष्ट. हो म्हणाले आणि दुपारी जरा आडवे झाले.

उठून खाली आले तर मुंग्या अकरा होत्या.

ताई चटई टाकून गाडीच्या कडेला कुशीवर पडल्या होत्या. हातात मांजराच्या मिशीएवढा ब्रश, शेजारी पाट्या रंगवणाऱ्यांकडचा काळा इनॅमल. त्यांनी शांतपणे समजावलं की एकटी मुंगी चुकलेली वाटते, बघणाऱ्याच्या जिवाला लागते. दोन काढल्या तर भांडण वाटतं. रांग हवी. अधीक्षकांनी वाकून पाहिलं. अकराही मुंग्या वेगळ्या होत्या. एकीच्या तोंडात साखरेचा दाणा, एक थांबलेली, एक उलट येऊन दुसरीच्या मिशांना मिशा लावून काहीतरी विचारत होती. सहाच्या सहा पाय छातीच्या भागातून निघालेले. पोटाला एकही नाही. पोटाला पाय काढणारे लोक ताईंच्या लेखी माणसांतून उठलेले होते.

रात्रीपर्यंत त्रेसष्ट मुंग्या झाल्या आणि ओरखडा खरोखरच नाहीसा झाला. म्हणजे होता तिथेच होता, पण आता तो मुंग्यांचा रस्ता होता.

इथे प्रकरण संपलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं.

सोमवारी कार्यालयाच्या आवारात शिरताना पहारेकऱ्याने अदबीने सांगितलं, "साहेब, गाडीला मुंग्या लागल्यात." दुपारी रोखपालांनी जाता जाता रुमालाने त्या झटकायचा प्रयत्न केला. मंगळवारी पहाटे गाड्या पुसणाऱ्या म्हाताऱ्याने, साहेबांवर उपकार म्हणून, आधी मुंग्यांची पावडर टाकली, मग त्या हलेनात म्हणून रॉकेलचा बोळा घेऊन घासल्या. चार मुंग्या कामी आल्या. पाचवीला घासताना त्याला काळा रंग बोटाला लागलेला दिसला आणि तो मटकन खाली बसला. अधीक्षक त्याला बोलणार होते, पण बायकोने ताईंना फोन करून हे सांगितलं, आणि ताई अर्ध्या तासात रिक्षाने हजर झाल्या. त्यांनी म्हाताऱ्याला चार वेळा विचारलं, आधी पावडर टाकली ना, खरंच टाकली ना, किती टाकली. मग त्याला स्वतःच्या हाताने चहा करून दिला. एकोणतीस वर्षांत आपल्या चित्राला एवढी दाद कुणी दिली नाही, असं त्या बहिणीला स्वयंपाकघरात म्हणाल्या. तेव्हापासून तो म्हातारा मुंग्यांचा राखणदार झाला. तो गाडीच्या डाव्या बाजूला फडकं लावीना, आणि दुसऱ्या कुणाला लावू देईना.

गेलेल्या चार मुंग्या पुन्हा काढताना ताईंना प्रश्न पडला की या येतात कुठून. चित्रकाराला असा प्रश्न पडला की घरच्यांनी सावध व्हावं. बोट दिलं की हात जातो म्हणतात. इथे दार गेलं. मुंग्या येतात म्हणजे वारूळ हवं, वारूळ म्हणजे माती हवी, म्हणून दोन्ही दारांच्या खालच्या निम्म्या भागावर माती आली. शाळेच्या पुस्तकात असते तशी, उभी कापलेली, वरचा थर काळसर, खालचा तांबूस, मग मुरूम. मातीत मुळं आली. मुळं आली म्हणजे झाड आलं, ते मागच्या चाकावरून वर चढलं. एक गांडूळ आलं. हळूहळू माती बॉनेटवरून टपापर्यंत गेली. सल्लागार रोज खाली येऊन काय राहिलं ते सांगत. त्यांच्या मते साप हवा होता. ताई म्हणाल्या, सापाचं इथे काही काम नाही. सल्लागारांना आयुष्यात प्रथमच कुणी कारण देऊन नाही म्हटलं होतं, त्यामुळे ते दोन दिवस आजारी पडले.

सेक्रेटरींनी लेखी नोटीस दिली की इमारतीच्या आवारात जाहिरात रंगवलेली वाहनं उभी करता येत नाहीत. अधीक्षकांनी लेखीच विचारलं की जाहिरात कशाची आहे ते कळवावं. सेक्रेटरी दुर्बीण लावल्यासारखे हाताचे पंजे डोळ्यांभोवती धरून गाडीला तीन फेऱ्या मारून आले आणि त्यांनी कळवलं की मातीची.

अधीक्षकांचा मान या काळात किती दुखावला होता हे सांगून समजणार नाही. सिग्नलला गाडी थांबली की बाजूचे स्कूटरवाले वाकून बघत आणि सिग्नल सुटला तरी हलत नसत. मुख्य अभियंत्यांनी एकदा गच्चीवरून विचारलं की ती वारूळवाली गाडी कुणाची, आणि चोवीस वर्षं नेकीने नोकरी केलेल्या माणसाला मान खाली घालून "माझी" म्हणावं लागलं. शिवाय गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले बघून येणारे-जाणारे विचारत, बाई कधी सापडल्या. एका रविवारी त्यांनी ठरवलंच की आज ताईंना स्पष्ट सांगायचं, पुरे. ते खाली गेले, घसा खाकरला, आणि तेवढ्यात त्यांची नजर मातीतल्या एका नव्या रेघेवर पडली.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"पाण्याची लाइन," ताई म्हणाल्या. "रस्त्याखाली असते ना."

अधीक्षक एवढं सहन करू शकले असते. पण लाइन गवताच्या खाली चार बोटांवर होती. ती तशीच सोडून वर जाणं त्यांना जमेना. ते म्हणाले की एवढ्या वर लाइन टाकली तर पहिल्या ट्रकखाली फुटेल. कमरेएवढं खोल हवं, खाली वाळूची गादी हवी, जोड असा नसतो, आणि झाड एवढं जवळ असेल तर व्हॉल्व्ह कुठाय. ताई उठून बसल्या. पेन्सिल काढली आणि म्हणाल्या, नीट सांगा.

आणि मग त्यांनी असे प्रश्न विचारले जे चोवीस वर्षांत कुणी विचारले नव्हते. जोड गळायला लागला की वरच्या मातीचा रंग बदलतो का? मुळांना पाणी कळतं का? अधीक्षकांनी सांगितलं की कळतं. केसाएवढं मूळ जोडात शिरतं आणि पाच वर्षांत आत दाढी वाढते. आपण एकदा पाइप कापला तेव्हा आतून हातभर झुपका निघाला होता, हे त्यांनी घरी कधी सांगितलं नव्हतं, कारण कुणाला त्यात रस असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. ताई ऐकत होत्या आणि त्यांचा हात कागदावर चालत होता. झुपका कसा होता, ओला की चिकट, टोकं कुठल्या दिशेला. तास गेला. बायकोने आणलेला चहा दोनदा गार झाला. ताईंनी कागद पुढे केला तेव्हा अधीक्षकांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. तो पाइप त्यांनी अकरा वर्षांपूर्वी पाहिला होता. ताईंनी कधीच पाहिला नव्हता. आणि तो तोच होता.

"पुरे" हा शब्द त्या दिवशी राहून गेला.

उलट, व्हॉल्व्ह बघितल्याशिवाय काढता येणार नाही असं ताई म्हणाल्यावर अधीक्षकांनी कार्यालयाच्या भांडारातला एक गंजका व्हॉल्व्ह दोन दिवसांसाठी घरी न्यायला रीतसर अर्ज केला. अर्जदार तेच, शिफारस करणारे तेच आणि मंजुरी देणारेही तेच. तरी त्यांनी अर्ज तीन दिवस स्वतःकडे ठेवून घेतला आणि एक शंका काढून परत पाठवला. नियम म्हणजे नियम.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना गाडीला पंधरा वर्षं पूर्ण व्हायची तारीख जवळ आली. पंधरा वर्षांनी नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते. अधीक्षक कागदांची फाइल घेऊन वाहतूक कार्यालयात गेले. सरकारी माणूस दुसऱ्या सरकारी कार्यालयात जातो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर एक आपलेपणा असतो, तो खिडकीपाशी पोहोचेपर्यंत टिकतो. खिडकीतल्या बाईंनी नोंदणीपुस्तक उघडलं आणि विचारलं, गाडीचा रंग. अधीक्षक म्हणाले, करडा. बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मग पुस्तकात पाहिलं. मग पुन्हा बाहेर पाहिलं आणि चष्मा पुसला.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. रंग जुळला पाहिजे, नाही तर रंगबदलाचा अर्ज करावा. त्या अर्जात रंगाला एक रकाना आहे, आणि संगणकात बारा रंग आहेत, त्यातला एक निवडायचा. 'अनेक' असा रंग नाही. 'चित्र' असाही नाही. मुदत दहा दिवस. त्यानंतर गाडी रस्त्यावर आणायची नाही.

अधीक्षक बाहेर आले आणि त्यांना, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं. आता हा निर्णय त्यांचा नव्हता, नियमाचा होता. ते तडक गॅरेजमध्ये गेले आणि रंगाऱ्याकडून गुरुवारचा दिवस ठरवून आले. सगळं खरवडून करडं करायचं. रंगाऱ्याने गाडीभोवती फिरून विचारलं, "नक्की ना?" एरवी तो असं कुणाला विचारत नसे. अधीक्षक नक्की म्हणाले. आता फक्त ताईंना सांगायचं राहिलं, आणि ते फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं म्हणून ते त्यांच्या घरी गेले.

बावीस वर्षांच्या संसारात ते मेव्हणीच्या घरी कितीतरी वेळा गेले होते, पण बसायचे ते बाहेरच्या खोलीत. या वेळी ताई म्हणाल्या, आतच या, कामाच्या खोलीत. खिडकीपाशी तिरकं टेबल होतं. कपात ब्रश उभे होते, जाडीप्रमाणे लावलेले. टेबलाच्या कडेला रंग करून बघायचा एक पुठ्ठा होता, त्यावर नुसत्या हिरव्या रंगाचे दोनएकशे ठिपके. ताई चहा करायला गेल्या तेव्हा अधीक्षकांची नजर भिंतीकडे गेली. तिथे एकाखाली एक जुनी कॅलेंडरं टांगलेली होती, आणि प्रत्येक तारखेच्या चौकोनात मुंगीच्या पायासारख्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. बेडूक, बारा, सोमवारपर्यंत. डोळा, दुरुस्ती. कान, पुन्हा. पंप, रात्री पोचवणे. हजेरीपटाला लाजवेल अशी ती कॅलेंडरं होती. एकोणतीस वर्षांत बाईंनी रजा घेतलेली दिसत नव्हती. सगळ्यात वर या वर्षीचं होतं. मार्चपर्यंत भरलेलं. पुढे कोरं. आठ महिने कोरे.

ताई कप घेऊन आल्या तेव्हा ते तिथेच बघत उभे होते. विचारावं की नाही ते त्यांना कळेना. ताईंनीच सांगितलं.

"आता चित्रं तयार मिळतात, भावोजी. यादीतून निवडायची. बेडूक तोच, पानही तेच. फक्त बेडूक माझा नाही."

"हिला माहीत आहे?"

"तिला सांगून काय करू? ती रडेल." ताईंनी कप टेबलावर ठेवला. "हाताला सवय असते हो. बसवत नाही. तुमची गाडी होती म्हणून बरं झालं."

अधीक्षकांनी चहा घेतला. पोळला, पण घेतला. गुरुवार जिभेवर आला होता, तो त्यांनी चहाबरोबर गिळला. मग ते म्हणाले की एक अडचण आहे, तांत्रिक आहे. अर्जात रंगाला एकच रकाना आहे, बारा रंग आहेत, आणि मुदत दहा दिवस.

ताईंच्या चेहऱ्यावर त्यांनी पहिल्यांदाच तो भाव पाहिला जो काम समोर आल्यावर कामाच्या माणसाच्या चेहऱ्यावर येतो. त्यांनी विचारलं, नियमाची भाषा काय आहे. अधीक्षकांना नियम पाठ होता. 'वाहनाचा मुख्य रंग.' ताई म्हणाल्या, मुख्य म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यांनी खणातून चौकटींचा पारदर्शक कागद काढला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गाडीच्या एकेका भागावर तो लावून चौकोन मोजत होते, काचा आणि चाकं वगळून. करडा चौरेचाळीस टक्के. मातीचा तपकिरी अडतीस. बाकी हिरवा, काळा वगैरे. अधीक्षकांनी बेरीज तपासली आणि चोख आढळली.

"म्हणजे माती कमी पडतेय," ते म्हणाले.

गुरुवारी ते गॅरेजमध्ये गेले ते रंगाऱ्याकडून तपकिरी इनॅमलचे डबे आणि पॉलिश पेपर आणायला. रंगाऱ्याने आपला चांगला ब्रश काढून दिला आणि परत करायची घाई नाही म्हणाला.

नऊ दिवस उजव्या बाजूचं काम चाललं. अधीक्षकांनी रोज अर्ध्या दिवसाची रजा काढली. घासायचं काम त्यांच्याकडे होतं, मग साधी माती भरायचंही आलं. साधी माती म्हणजे सोपं असं त्यांना वाटलं होतं. ताईंनी त्यांच्याकडून तोच थर तीनदा काढून घेतला, कारण माती कुठेही एकसारखी नसते आणि त्यांची भिंतीसारखी दिसत होती. आठव्या दिवशी त्यांना एक दगड काढायची परवानगी मिळाली. दगडाला पावणेतीन तास लागले. दगड म्हणजे काय, गोल रेघ आणि आत रंग, असं म्हणणाऱ्याने एकदा काढून बघावा. सावली दिली तर तो फुगा व्हायचा, पुसली तर खड्डा. शेवटी जे झालं ते सगळ्यांनी बटाटा म्हणून ओळखलं. अधीक्षक खजील झाले. ताईंनी त्याला दोन बारीक मुळं काढून दिली आणि म्हणाल्या, बटाटाच असू दे. मग त्यांनी शेजारी स्वतः एक दगड काढला. चार फटकारे. अधीक्षकांनी त्याला हात लावून पाहिला, गार लागतो का म्हणून.

दहाव्या दिवशी तपकिरी त्रेपन्न टक्के झाला. मागची डिकी तेवढी करडी राहिली. तिथे मुंग्यांची राणी यायची होती, पण मुदत संपली होती.

वाहतूक कार्यालयाच्या मैदानात निरीक्षक आले. पातळ, गंभीर, बगलेत फाइल. त्यांनी विचारलं, रंग. अधीक्षक म्हणाले, तपकिरी, आणि मोजणीचे कागद पुढे केले. निरीक्षकांनी कागद पाहिले नाहीत. ते वाकले होते. मग उकिडवे बसले. मग गाडीच्या कडेकडेने उकिडवेच सरकायला लागले. मागे अकरा गाड्यांची रांग होती, त्यातल्या पहिल्याने भोंगा वाजवला आणि मग तोही उतरून बघायला आला. निरीक्षकांना पाइप सापडला, पाइपात शिरलेलं मूळ सापडलं, त्यांनी अधीक्षकांना विचारलं की असं खरंच होतं का, आणि अधीक्षकांनी अधिकारवाणीने सांगितलं की पाच वर्षांत आत दाढी वाढते. मग ते मुंग्यांपाशी आले.

"हिच्या तोंडात साखर आहे," निरीक्षक म्हणाले. "आणि ही रिकामीच चाललीय?"

"ती बाकीच्यांना रस्ता दाखवतेय," ताई म्हणाल्या.

"म्हणजे अधिकारी," निरीक्षक म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

उठून त्यांनी गुडघे झटकले. फाइलमध्ये रंगाच्या रकान्यात 'तपकिरी' लिहिलं, शिक्का मारला. आणि मग शेऱ्याच्या जागी, कुणी सांगितलेलं नसताना, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मुंग्यांसह'.

रांगेतल्या तिसऱ्या गाडीत झुरळं-मुंग्या मारायच्या औषधवाल्या एका कंपनीचे मालक होते. ते अधीक्षकांना बाजूला घेऊन म्हणाले की ही गाडी आपल्याला जाहिरातीसाठी हवी. अधीक्षकांना सेक्रेटरी आठवले आणि ते ठाम नाही म्हणाले. मालकांनी आपलं पत्रक हातात ठेवलं. ते ताईंनी घेतलं, चष्मे बदलले आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा कठोर झाला. पत्रकावरच्या झुरळाला आठ पाय होते. घरी जाऊन त्यांनी ते पत्रक लाल पेन्सिलने तपासून मालकांना परत पाठवलं. झुरळाचे दोन पाय खोडले, वाळवी म्हणून छापलेली गोष्ट वाळवी नव्हे असं लिहिलं, ढेकणाला शंभरापैकी पंधरा गुण दिले. खाली लिहिलं, 'मारायचं तर मारा, पण ओळखून मारा.'

अधीक्षकांनी डोक्याला हात लावला. चार दिवसांनी मालक स्वतः ताईंच्या घरी गेले. त्यांच्या माणसांना किडे ओळखायला शिकवणारं पुस्तक करायचं होतं. बेचाळीस चित्रं, वरून आणि बाजूने. ताई म्हणाल्या, पोटाखालूनही लागतील. मालक म्हणाले, बरं. त्यांच्या ओळखीची एक बी-बियाण्यांची कंपनी होती, तिला रोपांवरचे रोग दाखवायचे होते. पाठोपाठ एका हाडांच्या दवाखान्यातून निरोप आला, गुडघ्याच्या व्यायामांचा तक्ता हवाय, सध्याच्या तक्त्यातल्या माणसाचा गुडघा उलटा वाकतो.

या सगळ्यात डिकी तशीच राहिली. तीन बाजूंनी माती, मुळं, मुंग्या, आणि मागे एक कोरा करडा चौकोन. सिग्नलला मागच्या गाडीतले लोक खाली उतरून विचारायला लागले की राणी कुठाय. सल्लागार म्हणाले, तिथे साप. गाड्या पुसणारा म्हातारा रोज सकाळी डिकी पुसून चकचकीत करून ठेवी, पाहुणी येणार असल्यासारखी. अधीक्षकांना रस्त्यात ओशाळं वाटायला लागलं. दोन महिन्यांपूर्वी जो माणूस गाडीवर काही दिसू नये म्हणून जीव टाकत होता, तो आता काही दिसत नाही म्हणून मान खाली घालत होता. शेवटी एका रविवारी सकाळी त्यांनी फोन लावला आणि शक्य तेवढ्या सहज आवाजात विचारलं, ताई, राणी कधी?

पलीकडे आधी कागदाची सळसळ ऐकू आली, मग ब्रश पाण्यात खळबळल्याचा आवाज.

"भावोजी, तुमचं चौथ्या नंबरवर आहे," ताई म्हणाल्या. "दवाखान्यानंतर. जानेवारीआधी बघायला सांगू नका. आणि पुढच्या वेळी फोन दुपारी करा, आत्ता उजेड चांगला आहे."

फोन बंद झाला. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, काय म्हणाली ताई.

"ताईंना वेळ नाही," अधीक्षक म्हणाले. मुख्य अभियंत्यांविषयी बोलताना ते ज्या आवाजात बोलत, त्याच आवाजात. मग खुर्ची ओढून नीट बसले, वही काढली, आणि जेवायच्या आत त्यांनी एकापाठोपाठ रोखपालांना, सल्लागारांना आणि सेक्रेटरींना फोन करून, त्यांनी विचारलेलं नसताना, हेच सांगितलं.